चर्चमागच्या शेतातली एकतीस नाणी

आधी सगळ्यांच्या तब्येती. ॲव्हरिल, तुझा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? क्लाइव्ह जावईबापू, तुमचा रक्तदाब काय म्हणतो? मीठ खरंच कमी केलंत, की डॉक्टरांना नुसतं तसं सांगता? नेव्हिल, तुझी पाठ? आणि डॉर्कस, तुझा खोकला गेला असेल अशी आशा करते, कारण खाली तुझी सही लागणार आहे आणि खोकताना केलेली सही ओळखू येत नाही. माझी विचाराल तर हृदय दमलंय, संध्याकाळी पाय सुजतात, डोकं जागेवर आहे. कान उत्तम आहेत. हे मृत्युपत्र बरंचसं कानांबद्दलच आहे, म्हणून मुद्दाम नमूद केलं.

तर मी, थर्झा कॉब, कै. रूबेन कॉब यांची विधवा, वय वर्षे एकोणऐंशी, शाळेच्या स्वयंपाकघरात तेहतीस वर्षं चाकरी करून निवृत्त, राहणार बॅडलिंगफील्ड, परगणा सफोक, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेलं नाही, आणि सकाळपासून चहाखेरीज काही पोटात गेलेलं नाही. याआधी लिहिलेलं काही सापडलं तर ते शेगडीत घालावं.

याची एक नक्कल मी मरायची वाट न बघता आजच ॲव्हरिलला पाठवते आहे. कलम चारमधली पेटी घ्यायची की नाही, हे तिने माझ्या जिवंतपणी ठरवायचं आहे. ते ठरवायला तिच्या वडिलांनी शेत का सोडलं हे तिला कळलं पाहिजे, आणि ते माझ्याखेरीज तिला कोणी सांगणार नाही.

कलम एक. राहतं घर, मागची बाग, कोंबड्यांचं खुराडं, बँकेत जे असेल ते, सगळं माझी एकुलती मुलगी ॲव्हरिल हिला. यात अट नाही. मात्र क्लाइव्हने जिन्याचा कठडा रंगवायला घेऊ नये. त्याने रंगवलेलं फाटक अजून हाताला चिकटतं.

कलम दोन. डॉर्कस फुल्चरला मला काही ठेवता येत नाही, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा कायदा आहे. म्हणून पुडिंगचं मोठं भांडं काल मी स्वतः तिच्या घरी नेऊन दिलं. कायदा आपल्या जागी, भांडं तिच्या.

कलम तीन. कोठीच्या खोलीत खालच्या फळीवर लोणच्याची मोठी बरणी आहे. तीत शीतपेयांच्या डब्यांच्या चारशेच्या वर कड्या आहेत, सगळ्या रूबेनने हुडकलेल्या आणि मी खोदलेल्या. ती बरणी आमच्या भागातल्या नाणी-शोधकांच्या मंडळाला द्यावी, आणि चिटणीस श्री. गॅदरकोल यांनी ती कपाटात, करंडकाशेजारी ठेवावी. त्यांना कारण ठाऊक आहे. ॲव्हरिलला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या वडिलांचं जमिनीतला धातू हुडकायचं यंत्र जुन्या पद्धतीचं. त्यावर आकडे दिसत नाहीत, नुसता आवाज. लोखंड घुरघुरतं. डब्याची कडी मधल्या सुरात बोलते. चांदी बोलते वर, बारीक, एखाद्या चिमुकल्या पाखरासारखी. नांगरलेल्या शेतात दिवसाला तीन-चारशे आवाज येतात, आणि कुदळ मारणं होतं फार तर चाळीस ठिकाणी. ते चाळीस कुठले, यातच माणसाची अक्कल. रूबेनला ती होती, खोटं कशाला बोलू. एकाच जागी चार बाजूंनी यंत्र फिरवायचा. आवाज चारी बाजूंनी आखूड आणि गोल आला तर खोद. कडेला फाटला, लांबला, तर पुढे चल. आकडे वाचून खोदणाऱ्यांना तो कारकून म्हणायचा.

आमची वाटणी ठरलेली: कानाला यंत्र त्याच्या, हातात कुदळ माझ्या. तीस वर्षं. त्याने बुटाच्या टोकाने माती खरवडली की तिथे मी खोदायचं. त्याने खरवडली नाही तर तिथे काही नाही.

अठ्ठ्याऐंशी साली नेव्हिलच्या चर्चमागच्या शेतात, जिथे सातशे वर्षांपूर्वी जत्रा भरायची, तो एके दिवशी हेडफोन न लावता फिरत होता आणि एक आवाज सोडून पुढे गेला. मी मागून म्हटलं, इथे काहीतरी आहे, परत ये. तो हसला, पण आला. नखाएवढं पातळ, अख्खं चांदीचं नाणं निघालं. वर्षाअखेर मंडळात त्याला करंडक मिळाला, वर त्याचं नाव कोरलेलं. गॅदरकोलने त्याला विचारलं, कॉबबाई काय करतात शेतात? तेव्हा तुझे वडील भर सभेत म्हणाले, "तिला बटाटा आणि चांदी यातला फरक कळत नाही. पण कुदळ झकास धरते."

सगळे हसले. मीही हसले. हातात सँडविचची थाळी होती, ती मी शेवटच्या माणसापर्यंत फिरवली.

हे मी एकवीस वर्षं पोटात ठेवलं. मग एके सकाळी किटली शिट्टी मारत राहिली आणि तो तिच्याशेजारी उभा राहून पेपर वाचत राहिला.

मी किटली उतरवली आणि चहा ओतला. पुढल्या शनिवारी शेतात नीट लक्ष ठेवलं. घुरघुर त्याला ऐकू येत होती, कड्याही येत होत्या. वरचा सूर गेला होता. चांदीवरून तो असा चालत जायचा, जणू ती तिथे नाहीच. आपलं काही चुकतंय असं वाटून त्याने यंत्राचा आवाज वाढवला, इतका की त्याच्या कानावरच्या हेडफोनच्या वाट्यांतून तो बाहेर, चार पावलं मागे, मला ऐकू यायला लागला. तेव्हापासून त्या शेतात चांदी फक्त मला ऐकू येत होती.

आमच्या शेतांत मातीच्या जुन्या चिलमींच्या पांढऱ्या कांड्या जागोजाग पडलेल्या असतात, कोणी ढुंकून बघत नाही. त्या मी एप्रनच्या खिशात भरून न्यायला लागले. तो चांदीवरून पुढे गेला की मी एक कांडी तिथे उभी खोचायची. मंगळवारी तो चेंडू खेळायला मैदानावर गेला की मी एकटी येऊन कांड्या उपटायची, खोदायची, खड्डा बुजवायची. निघेल ते निम्मं शेतमालकाचं हा रिवाज, म्हणून एक नाणं नेव्हिलच्या हातावर, एक माझ्या डब्यात. पहिल्या दिवशी नेव्हिलने विचारलं होतं, "रूबेनला ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, त्याला बटाटे ठाऊक आहेत. तो समजला. मग गाव समजलं.

तीन वर्षं तो कड्या खोदून घेत राहिला आणि मी खोदून देत राहिले. मंडळात त्याला कडीवाला कॉब म्हणायला लागले, तोंडावर. घरी येऊन तो जेवायचा नाही. मी त्याच्या आवडीची, गुर्दा भरून भाजलेली पाई करायची, पाठ चोळून द्यायची, वेळेवर गोळ्या द्यायची. त्याला एक दिवस उपाशी किंवा मळक्या सदऱ्यात ठेवलं नाही. आणि मजा आली, ॲव्हरिल. मृत्युपत्रात खोटं लिहू नये.

कलम चार. माझ्या पलंगाखाली चहापत्तीच्या जुन्या पेटीत एकतीस नाणी आहेत, प्रत्येक कापसात गुंडाळलेलं. तितकीच नेव्हिलला पोचली. ही ॲव्हरिलला, जर खालचं वाचूनही तिला हवी असतील तर.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, भर दुपारी, तुझे वडील चालता चालता थांबले आणि बांधावर बसले. कानावरच्या वाट्या काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "म्हातारे, जरा तू ऐक. शेत संपलंय की मी, तेवढं सांग."

मी वाट्या लावल्या. त्याने बसल्या बसल्या यंत्र समोरच्या मातीवरून फिरवलं, चारी बाजूंनी, मला नीट ऐकू यावं म्हणून सावकाश. आखूड, गोल, स्वच्छ. इतकी सुरेख चांदी मी त्या शेतात कधी ऐकली नव्हती.

मी म्हटलं, "लोखंड आहे."

"नक्की?"

"खिळा असेल. ऊठ, चहा गार होतोय."

त्याचा चेहरा असा उजळला की मला आधी कळेना का. मग तो म्हणाला, "म्हणजे माझे कान ठीक आहेत. शेतच संपलं." त्याने माझ्या डोक्यावर ओठ टेकवले. त्याच आठवड्यात त्याने नेव्हिलला सांगून शेत सोडलं आणि यंत्र खुंटीला टांगलं. दोन हिवाळे खिडकीशी बसून काढले आणि मग तो गेला. कानाचं औषधपाणी डॉक्टरांकडे सहज झालं असतं. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही. त्या जागी नंतर मी खोदलं. ते नाणं पेटीत सगळ्यात वर आहे.

म्हणून चर्चच्या आवारात तू बसवलेल्या बाकाच्या पाटीवर जे कोरलंय, ‘याने हे शेत शेवटच्या नाण्यापर्यंत पाहिलं’, ते खरं नाही. पाटी काढू नये. त्या बाकावर बसायला मला आवडतं.

माफी मागत नाही. ती द्यायची ज्याने, तो नाही. पेटी घेतलीस तर हे सगळं तिच्यासोबत घेतलंस असं मी समजेन. तुझं उत्तर माझ्या जिवंतपणी आलं नाही तर पेटी शहरातल्या संग्रहालयाला द्यावी, आणि खाली शोधणारा म्हणून रूबेनचं नाव लिहावं. त्याला आवडेल.

कलम पाच. रूबेनचं यंत्र तुझ्याकडेच आहे, ते तुझंच. मात्र एक लिहून ठेवते. गेल्या सप्टेंबरात तू ते घेऊन आलीस, नेव्हिलने शेतात जाऊ दिलं, आणि मी हौसेने कुदळ घेऊन तुझ्या मागे चालले. वरच्या कुंपणापाशी चांदी बोलली. तू यंत्राचा आवाज बराच मोठा ठेवला होतास, मला चार पावलांवरून ऐकू आली. तू वळशील म्हणून मी थांबले. तू पुढे गेलीस. पुढे आणखी एकदा तसंच झालं. जाताना तू म्हणालीस, बाबांनी खरंच काही ठेवलं नाही गं आई. आणि मी हो म्हटलं.

त्या दिवशी का गप्प राहिले याचं कारण माझ्याकडे नाही. तू मला कधी थाळी फिरवायला लावली नाहीस. तोंड आपोआप मिटलं. तुझ्या वडिलांना जे सांगितलं नाही ते तुला सहा महिने उशिरा सांगते आहे: तुझे कान जायला लागलेत, बाळा. शेत संपलेलं नाही. याच आठवड्यात तपासून घे.

कलम सहा. मला रूबेनशेजारी पुरावं. खड्डा खोल खणावा आणि नीट बुजवावा.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून कायम केला आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

थर्झा कॉब (सही)

साक्षीदार: १. डॉर्कस फुल्चर, निवृत्त टपालवाली (सही)
२. नेव्हिल लशर, शेतकरी (सही)

स्थळ: बॅडलिंगफील्ड
दिनांक: ५ मार्च २०१९

ॲव्हरिलच्या नकलेवर जादा: पेटीचं हो की नाही ते लवकर लिहून कळव. फोन करू नकोस. फोनवर हल्ली तू प्रत्येक वाक्याला ‘काय म्हणालीस?’ विचारतेस, आणि मी दर वेळी तेच वाक्य पुन्हा म्हणते असं नाही. पत्रच लिही.