फळ्यावरचा सतरा नंबर

३ मार्च
आले बाई एकदाची! चिरंजीवांच्या क्वार्टरला दोन खोल्या, गार फरशी आणि खिडकीसमोर त्यांचं वीजकेंद्र. भलतंच ऐदी प्रकरण. दिवसभर झोपून असतं. संध्याकाळी सगळ्या शहराला एकदम दिवे-पंखे हवे झाले की वरून फोन येतो, गॅस पेटतो, दोन तास गर्जना आणि पुन्हा झोप. मी म्हटलं, तुझ्या लहानपणापासूनच्या स्वभावाला शोभेल अशीच नोकरी मिळाली.

६ मार्च
यंत्राजवळच्या फाटकावरचा कारकून आजारी, म्हणून मला खुर्चीत बसवलंय. तीस वर्षं वर्गाची हजेरी घेतली, त्यापुढे हे काय! यंत्राच्या बोगद्यात उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला फळ्यावर अडकवायचा, बाहेर येताना काढायचा. फळ्यावर बिल्ला असेतो यंत्र बंद. पण सतरा नंबर कायम लटकलेला! फोरमनला झापलं. तर म्हणतो, बाई, तो फिटर आत असतानाच नऊ वर्षांपूर्वी यंत्र सुरू झालं. त्याचा बिल्ला कुणी काढत नाही. कंट्रोलरूमवाले कॅमेऱ्यात फळा बघतात. एकच दिसला म्हणजे सगळे बाहेर.
एक म्हणजे शून्य! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी हातावर फूटपट्टी मोडली असती.

७ मार्च
सतरा नंबर काढून सरळ नाल्यात टाकला. विचारलं असतं तर समिती नेमली असती. संध्याकाळी यंत्र वेळेवर सुरू झालं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. कामाकडे लक्ष असेल तर ना!

८ मार्च
दुपारी यंत्र थंड, फळा रिकामा, आणि बोगद्याच्या दारावर आतून ठोकल्याचा आवाज. चिरंजीव म्हणतात, पत्रा आकसतो. तीनदा, थांबून, पुन्हा तीनदा? पत्र्याला मोजता येतं?

९ मार्च
झोप नाही. खुर्चीत बसवत नाही, उठवतही नाही. आज आतून कुणीतरी आपला बिल्ला मागितला. अगदी अदबीने. नाल्यात कोपरापर्यंत हात घालून शोधला. नाही मिळाला.

१० मार्च, संध्याकाळ
आवाजाचा छडा लावतो म्हणून मुलगा आत उतरला. चार नंबरचा बिल्ला अडकवून. मी फोन घ्यायला वळले, तेवढ्यात फळा रिकामा. त्याला बाहेर येताना पाहिलं नाही. फोरमन जागेवर नाही. कंट्रोलरूमचा फोन लागत नाही. आणि आतून आई, आई —
पाहुण्यांसाठीचा बिल्ला अडकवलाय. आता यंत्र सुरू होणार नाही. जातेय.

आत. बॅटरीच्या उजेडात. टोकापर्यंत पाहिलं — कुणी नाही. हाक थांबली. दार उघडत नाही. ओरडतेय, आवाजच बाहेर —
बाहेर माझा पोरगा बोलतोय. तिथे आहे तो, बाहेर. विचारतोय, आई कुठे गेली. फोरमन म्हणतोय, घरी गेल्या असतील — फळ्यावर एकच आहे, नेहमीचा — द्या भोंगा, करा सुरू —
अरे, नंबर तरी बघा, तो —