तिसऱ्या चिपचा दोष

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

प्रिय प्रणयदादास,
निशाचा सविनय जयभीम.

तुझी तब्येत चांगली असेल आणि पुण्याच्या मेसचं जेवण अजून सोसत असेल, असं धरून चालते. आईचे गुडघे बरे आहेत. मलाही काही झालेलं नाही, हे आधीच सांगते, कारण फोनवर तू दोनदा विचारलंस. फोनवर तू मध्येच हसतोस, म्हणून लिहून पाठवते आहे.

विषय आपला गेम कन्सोल (आईच्या भाषेत ‘डबा’). त्याच्या बोर्डवर बनवणाऱ्यांनी चार चिपांच्या जागा रिकाम्या सोडल्या आहेत आणि त्या भरल्या की मेमरी दुप्पट होते, हे आपल्याला शाळेत असल्यापासून माहीत होतं. ‘निशे, तू सोल्डरिंग शिक, मग करू,’ असं तू म्हणायचास. मी शिकले. शेंद्र्याच्या कारखान्यात दिवसभर तेच करते. आणि अखेर चिपा आल्या, तेव्हा तू दोन मला दिल्यास आणि दोन सुलेखाला. (‘वहिनी’ म्हणायला साखरपुडा व्हायचा आहे. तोवर सुलेखा.) वाटणी समान होती, त्यामुळे तक्रार नाही. लग्नानंतर डबा पुण्याला जाणार, हे मला आईकडून कळलं. त्याबद्दलही मी काही विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी सुलेखा लग्न ठरल्यावर पहिल्यांदाच घरी आली, ती एका हातात पेढे आणि दुसऱ्या हातात स्वतःचं सोल्डरिंग आयर्न व दिव्याचं भिंग घेऊन. वैजापूरला ती मुलांना हेच शिकवते, म्हणून सामान सोबत असणं स्वाभाविक आहे. काम सुरू व्हायच्या आधी तू तिला एक खेळ दाखवलास आणि दुसरा कंट्रोलर तिच्या हातात दिलास. त्याच्या वायरवर माझ्या नेलपॉलिशची खूण आहे. ती खूण बघून ती ‘अय्या, किती गोड!’ म्हणाली. (तू तेव्हा तिसरा पेढा खात होतास.)

मग पहिली आणि दुसरी चिप मी बसवली, तिसरी आणि चौथी तिने. एकेका चिपला शंभर पाय, केसासारखे, त्यामुळे वेळ लागतो, आणि मध्ये सिलिंडरवाला आला म्हणून मला दारात जावं लागलं. तिचं सोल्डर चकाकतं. शिशाची तार वापरली की ते चकाकतंच, त्यात हाताचं कौतुक नाही. मी कारखान्यातल्यासारखी बिनशिशाची वापरते आणि ती गार झाल्यावर राखाडी, मंद दिसते. हे मी आईला समजावून सांगितलं. आई म्हणाली, ‘व्हय, पण तिचं कसं चांदीवाणी दिसतंय! लई साफ हात हाय पोरीचा. टेबल बी नाय जाळलं.’ (टेबल मी आठवीत असताना जळालं होतं.)

संध्याकाळी तपासणीचा प्रोग्राम लावला आणि तिसरी चिप नापास झाली, ते तू पाहिलंच आहेस. तिसरी सुलेखाची. मला आनंद वगैरे झाला नाही. मी फक्त आईला स्वयंपाकघरातून बोलावून टीव्हीचा पडदा दाखवला. सुलेखा शांतपणे ‘माझंच काहीतरी राहिलं असेल,’ म्हणाली (इतकं समजूतदार असणं मला संशयास्पद वाटतं), भिंग माझ्याकडे ठेवून वैजापूरच्या गाडीला गेली आणि ‘दोष शोधून कळव’ म्हणून तूही पुण्याला गेलास.

शोधला. बोर्ड अल्कोहोलने स्वच्छ पुसला, मल्टिमीटर लावला. तिसऱ्या चिपचे शेजारचे दोन पाय एकमेकांशी जोडलेले दाखवत होते, जे असायला नको. भिंगाखाली पाहिलं तर मध्ये सोल्डरचा बारीक पूल. तुला आणि आईला पाठवण्यासाठी फोटो काढायला फोन उचलला आणि तेव्हा लक्षात आलं की पूल राखाडी आहे.

इथं एक तपशील वर राहून गेला. कोशिंबिरीत दाण्याचं कूट चालतं का, हे विचारायला आईने सुलेखाला आत बोलावलं होतं, तेव्हा मी तिच्या तिसऱ्या चिपचे दोन पाय जरा नीट केले. ते नीटच होते. माझ्याच्यानं बघवत नव्हतं.

फोटो काढला नाही. पूल तांब्याच्या जाळीने उचलला, आणि चारही चिपा पास झाल्या. मग सवयीने माझ्याही चिपांवरून भिंग फिरवलं. दुसऱ्या चिपच्या कोपऱ्यात तीन पाय चांदीसारखे चकाकत होते. दादा, शिशाची तार माझ्याकडे नाही. मी दारात सिलिंडर घेत असताना तुझ्या होणाऱ्या बायकोने माझं काम सुधारलं आहे, तेही इतकं व्यवस्थित की ते उपसायला निमित्त सापडत नाही. माझे जोड मुळात ठीक होते, असं माझं मत कायम आहे. पण तिलाही बघवलं नाही, हे कळलं आणि ती मला पहिल्यांदाच आवडली. थोडी.

तिला ‘किरकोळ दोष होता, निघाला’ एवढंच सांग. कोणाचा, ते सांगू नकोस. तिने तरीही विचारलं, तर ‘सिलिंडर वेळेवर आला होता’ असं निशाने सांगितलंय म्हणावं. तिला कळेल.

तुझी बहीण,
निशा

ता. क. डबा पुण्याला नेऊ नकोस. इतक्या बारीक कामाला प्रवासाचे धक्के सोसत नाहीत. (सोसतात. तरी नेऊ नकोस. तुम्ही दोघं इकडे येत जा.)

ता. क. २. डब्याला कंट्रोलर लावायच्या चार जागा आहेत आणि आपण आजवर दोनच वापरल्या. येताना तिसरा कंट्रोलर आण, सुलेखावहिनीसाठी. दुसरा माझा आहे. खुणेसाठी नेलपॉलिश मी देईन. रंग वेगळा.