मनिलातली वरची खाट

१२ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेच्या प्रार्थनाघरामागे पेत्रा आणि मी एका काडीवरची साखरेत तळलेली केळी वाटून खायचो. वरचं तिचं, खालचं माझं, मधल्यावरून भांडण. सिस्टर येतायत का ते ऐकायचं काम माझ्याकडे. तिथेच ठरलं होतं — मोठं झाल्यावर पाठीवर पिशव्या टाकायच्या आणि मनिला पालथी घालायची, कुणालाही न विचारता! पेत्रा कॅनडाला गेली. आता तिला नातवंडं आहेत आणि गुडघे आहेत. म्हणून आज बोटीतून मी एकटीच उतरले. वय चौसष्ट. पाठीवर मुलाची, जोवेनची, कॉलेजातली पिशवी.

मुक्कामाच्या खोलीत खाटा दुमजली आणि खालच्या सगळ्या गेलेल्या. दारावरची मुलगी म्हणाली, "तीता, वरची चालेल?" चालेल म्हटलं. (तीता म्हणाली, लोला नाही. म्हणजे अजून मावशीच दिसते, आजी नाही!) चढले. उतरायचं कसं, हे चढल्यावर सुचलं. खालच्या खाटेवर क्वीनी नावाची दावावची पोरगी आहे, नर्सिंगच्या परीक्षेला आलेली. ती म्हणाली, "तीता, पाय खुशाल माझ्या उशीवर टेका. मी डोळे मिटून घेते."

पुढच्या गुरुवारची परतीची बोट. तोवर जोवेनला उत्तर द्यायचंय. बेटावरचं घर विकायचं आणि त्याच्याकडे इलोइलोला कायमचं राहायला जायचं. सूनबाईंना तिसरं होणार आहे, स्वयंपाकघरामागची खोली माझ्यासाठी रिकामी केलीय. गिऱ्हाईकही तयार. फक्त माझा होकार बाकी. तो आहेच, असं सगळे धरून चाललेत. मीसुद्धा!

१३ फेब्रुवारी

काय हे शहर! रस्ता ओलांडणं म्हणजे आधी पापांची कबुली देऊन मगच पाऊल टाकावं.

संग्रहालय बघायला निघाले. जीपमध्ये पैसे हातोहात पुढे गेले, सुटे हातोहात मागे आले, सगळं आपल्यासारखंच. उतरायची वेळ झाली तशी ओरडले, "लुगार लांग!" आमच्याकडे एवढ्यावर जीप थांबते. सगळी जीप माझ्याकडे बघतेय आणि गाडी आपली चाललीय. पुन्हा ओरडले. समोरची बाई शेजारणीला म्हणाली, "बरं नाही का हो यांना?" शेवटी कोपऱ्यातल्या आजोबांनी वरच्या दांड्यावर नाणं वाजवलं — "पारा! पारा! अरे, विसायाच्या बेटांकडची आहे ती, उतरव तिला! घरापर्यंत नेतोस का?" जीप हसली. मीही.

तोवर संग्रहालय कुठल्या कुठे राहिलं होतं. उतरले ती देवांच्या मूर्तींच्या गल्लीत. दुकानादुकानात नुसते हात, नुसती डोकी, आणि दोऱ्यांवर टांगलेले मखमली झगे. उपासाचा महिना तोंडावर आलेला, प्रत्येक गावच्या मिरवणुकीत दुःखी मातेच्या मूर्तीला नवा झगा हवा. एका खिडकीपाशी थांबले. आत एक जाडजूड बाई, तोंडात टाचण्या.

"घ्यायचंय, की नुसती देवीला दृष्ट लावताय?"

म्हटलं, "कडेची जर सैल आहे. मिरवणुकीत लोंबेल."

"मग बसा की! तोंडानं शिवता येत असतं तर मी आज श्रीमंत असते."

बसले. सिस्टर ओडिलनी बोटांवर पट्टी मारून शिकवलेला टाका, चाळीस वर्षं कुणी मागितला नव्हता. बोटं विसरली नव्हती. त्या बाईचं नाव आलिंग चायोंग. तिच्या डब्यातला मांसाचा अदोबो आणि भात खाल्ला. काळा झालेला, आंबटढाण. दोनदा घेतला.

१४ फेब्रुवारी

आजही तिथेच गेले. संग्रहालय पळून जात नाही.

१५ फेब्रुवारी

सूनबाईंचा फोन. मेलोडीचा आवाज नेहमी घाईत.

"मा, अंडी दिलीत का?"

"अगं, अजून नाही."

"असं कसं! एवढ्या मनिलाला गेलात आणि संत क्लाराच्या सिस्टरांच्या मठात अंडी नाही दिलीत? घराचं काम सुरळीत होऊ दे म्हणून सांगा त्यांना. आणि मोठी घ्या हं, चिंगूसपणा नको!"

तिचं काही चुकलं नाही. माझ्या लग्नाला पाऊस नको म्हणून आईनंही दिली होती. पाऊस आला नाही. नवरा मात्र छत्री घेऊन आला होता, अश्रद्ध!

१७ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर अंड्यांचा ट्रे घेऊन आगगाडीत चढले. गर्दीत मुंगीला जागा नाही. कुणीतरी ओरडलं, "अंडी! अंडी आहेत!" आणि माणसांनी पोटं आत घेऊन वाट केली. कुणालाच विचारावं लागलं नाही मी कुठे चाललेय म्हणून.

"लग्न कुणाचं, तीता?"

"लग्न नाही. घर विकायचंय."

"मग कमी नेलीत!" सगळा डबा हसला.

मठाच्या खिडकीशी रांग. पुढच्या मुलीचं शनिवारी लग्न, सारखी आभाळाकडे बघत होती. मग माझी पाळी. अंडी घेणाऱ्या बाईंना एक तडकलेलं सापडलं. "हे माझ्या नाश्त्याला," म्हणाल्या आणि चिठ्ठी पुढे सरकवली. "काय हवं ते स्पष्ट लिहा हं. सिस्टर जे लिहिलंय तेच मागतात, पदरचं काही घालत नाहीत."

लिहिलं, 'घर विकलं जावं.' मग 'आणि' लिहिलं.

पुढे काय? मुलाकडे सुखानं राहावं — एवढंच तर लिहायचं होतं. हात हलेना. देवाकडे खोटं मागायची सवय नाही. घर विकलं जावं, हे मात्र अगदी मनापासून लिहिलं होतं! त्याचंच नवल वाटलं. मला वाटायचं घर सुटणार म्हणून जीव तुटतोय. इथे आल्यापासून एकदाही घराची आठवण आली नाही.

मागून आवाज आला, "तीता, माझी मुलगी बाळंत व्हायच्या आत उरका!"

'आणि' खोडलं. पूर्णविराम दिला.

१८ फेब्रुवारी

चायोंगला म्हटलं, गुरुवारी निघते.

"मिरवणुका डोक्यावर आल्या आणि तुम्ही निघता? या झग्याची पाठ कोण भरणार, मी? माझ्या डोळ्यांना सुई दिसत नाही, नुसता हात दिसतो."

"मुलाला शब्द दिलाय."

"शब्द दिलाय, की गप्प बसलात?"

सुई उचलली. दुपारभर पाठ भरली. सोनेरी जर, जांभळी मखमल. बाहेर रिक्षांचा गोंगाट, कुणीतरी माशांवरून भांडत होतं, समोरच्या दुकानात गुडघ्यावर बसलेला संत रंगवत होते. मी शाळेतलं गाणं गुणगुणतेय हे चायोंगनं सांगितल्यावर कळलं.

"गळा वाईट आहे तुमचा," ती म्हणाली. "पण चालू द्या."

१९ फेब्रुवारी

जोवेनचा फोन. "मा, खोलीला निळा रंग दिलाय. तुझा आवडता." आवाजात लहानपणीचा जोवेन, चित्र काढून दाखवणारा. निळा माझा नाही, त्याच्या बाबांचा आवडता. पण ते कसं सांगायचं? गोड पोर आहे. माझ्यासाठी शिडीवर चढून रंगवलंय त्यानं. फोन ठेवून वरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून रडले.

खालून क्वीनीचा आवाज, "तीता, कुणी मेलं का?"

"नाही गं."

"मग खाली या. नूडल्स केलेत."

२० फेब्रुवारी

संग्रहालय बघितलं एकदाचं. पाय दुखले. येताना एका गल्लीत 'खोली भाड्यानं देणे आहे' अशी पाटी. उगाच थांबले. उगाच कसली! बेल वाजवली.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

बोट सुटली. मी धक्क्यावर गेलेच नाही. सकाळीच जोवेनला फोन केला. म्हटलं, आधी ऐक, मग रागाव. आणि कागद घे. घर विकायला माझा होकार. तुझ्याकडे राहायला नकार. मागची खोली मेलोडीच्या आईला दे, तिला बाळाजवळ राहायची हौस आहे. कोंबड्या शेजारच्या एस्तेरला, खुराड्यासकट. पितळी पलंग मेलोडीला. बाबांची घड्याळं तुला, आणि रंगवल्याबद्दल एक पापा. ताटल्या चर्चला. शिवणयंत्र मला, इथे मनिलाला — पुढच्या बोटीनं, नीट गुंडाळून.