पालथा हात

सर्वांत ताजी बाब आधी. मंगळवार, दि. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी वाशीच्या डॉ. आफरीन परकार यांनी माझा उजवा हात तपासला. पकडीचा जोर सहा किलो उरला आहे, डाव्याचा अठ्ठावीस आहे. नस सुकते आहे आणि गेलेला जोर परत येणार नाही, असे त्यांनी सांगितले. डोके ठणठणीत असल्याचा दाखला त्यांनी वेगळा दिला असून तो सोबत जोडला आहे. त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट खात्रीने सांगितली. ती कलम ४ मध्ये येईल. हे मृत्युपत्र तिच्यासाठीच आहे, घरदार वाटायची मला घाई नव्हती.

मी, कमळाकर बाळाराम म्हात्रे, वय ७१, टेनिस शिकवण्याचा धंदा केलेला, राहणार बोनकोडे, कोपरखैरणे, नवी मुंबई, हे शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. पेन धरता येत नाही, म्हणून मी बोलतो आणि माझा पुतण्या ॲड. केतन टाइप करतो. त्याला यातले काहीच मिळणार नाही. तरी तो आला, चहाही स्वतःच करून घेतला. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी.

१. गावातले राहते घर आणि वरचे भाड्याचे दोन मजले मुलगा तेजस यास. बँकेतल्या ठेवी पत्नी सखू हिला, आणि ती हयात आहे तोवर घरात तिचा शब्द चालेल. तो आजही चालतो, पण कागदावर असलेला बरा.

२. रॅकेटला तार ओढायची मशीन मकबूल तुंगेकर याला द्यायची होती. आम्ही दोघे एकाच दिवशी कंपनीच्या कॉलनीतल्या कोर्टावर रोलर फिरवायला लागलो आणि दोघेही मार्कर झालो, म्हणजे साहेबलोकांशी खेळायचे आणि हरायचे. केतन म्हणतो, साक्षीदाराला काही देऊ नये, वाद होतात. मला साक्षीदार म्हणून मकबूलच हवा होता, तेव्हा मशीन गेल्या आठवड्यातच देऊन टाकली. तो म्हणाला, "मरायच्या आधी देतोयस, म्हणजे बिघडलेली असणार." बिघडलेली नाही. डावा क्लॅम्प तेवढा अडकतो.

३. आता माझ्या सर्व्हिसबद्दल. ती मी कोणाकडून शिकलो नाही. वडील खाडीत पाग टाकायचे. मी जाळे फेकताना मनगटाला हिसका द्यायचो, तर ते ओरडायचे, "मनगाट नको झटकू रं, तुटंल. हात पालथा टाक. जालं आपसुक उघरंल." पुढे हातात रॅकेट आली तेव्हा मूठ कोयत्यासारखी धरली, करंगळीची बाजू पुढे ठेवून हात वर नेला आणि चेंडूपाशी तो आपोआप पालथा पडला. साहेबलोक बघत राहायचे.

मग मी प्रशिक्षकांच्या शिबिराला गेलो. तिथे इंग्रजीत सांगितले, स्नॅप द रिस्ट. मला वाटले, माझा हात हेच करत असणार, फक्त मला शब्द ठाऊक नव्हता. परत येऊन मी माझ्या स्वतःच्या कोर्टाच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिले, "मनगट झटका". तीस वर्षे मुलांना तेच ओरडून सांगितले. स्वतः मात्र एकदाही मनगट झटकले नाही. वडील जाळे फेकणारे, म्हणून त्यांचा शब्द मला शिबिरातल्या शब्दापुढे गावंढळ वाटला. ही चूक माझी, शिबिराची नाही.

भिंतीवरचा तो मजकूर चुना मारून पुसावा. अभय हा माझा जुना विद्यार्थी सोसायट्यांच्या कोर्टांवर अजून तेच वाक्य विकतो. त्याला या कलमाची प्रत द्यावी, दुसरे काही देऊ नये.

४. माझी मुलगी निशिगंधा, राहणार खांदेश्वर. सतरा वर्षांची असताना ती राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत होती. दोन महिने ती सांगत होती, "बाबा, करंगळीकडून दुखतंय." मी म्हणायचो, "झटका नीट बसत नाही म्हणून दुखतं. अजून झटक." त्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून मी तिला उतरवले. तिने सर्व्हिस करताना अकरा डबल फॉल्ट केले. निवड समितीवरचे शहाजीराव म्हणाले, "पोरीचं मन नाही खेळात." मी मान हलवली. गावात येऊन मीच सांगितले, "मनगट कच्चं निघालं तिचं." गावाला वाक्य आवडले. तिच्या लग्नातसुद्धा कोणीतरी ते गमतीने म्हटले आणि मी हसलो.

त्या अंतिम फेरीनंतर तिने मला एकच विचारले होते. "दुखतंय म्हणते, ते मी खोटं बोलते का?" मी उत्तर दिले नाही. तिने रॅकेट खुंटीला लावली.

ती येते, बोलते, गौरीगणपतीला राहते. तांदळाच्या भाकऱ्या डाव्या हाताने थापते. बावीस वर्षे आम्ही सगळ्यांनी त्या भाकऱ्या खाल्ल्या. डावा हात का, हे एकानेही विचारले नाही.

मंगळवारी डॉ. आफरीन माझा हात तपासताना म्हणाल्या, "काका, हात सुलटा करा. आता पालथा. सुलटा. पालथा." हा शब्द मी वडिलांनंतर त्या अर्थाने ऐकला नव्हता. मी त्यांना सर्व्हिसचे विचारले. त्यांनी सांगितले, जोर कोपराखालचा हात फिरण्यात असतो, मनगट नुसते सैल राहायला हवे. मग मी घरी आलो, पेटीतून निशिगंधाचा २००३ चा एमआरआय काढला आणि संध्याकाळी परत त्यांच्याकडे गेलो. तो आम्ही तेव्हा काढला होता, पण मी रिपोर्ट वाचला नव्हता. डॉ. आफरीन यांनी फिल्म उजेडाला धरली. मनगटातली करंगळीच्या बाजूची कूर्चेची गादी फाटलेली होती. पुन्हापुन्हा हिसके देऊन फाटते तशी. "या मनगटानं ही मुलगी अंतिम फेरी खेळली?" हकिकत ऐकून त्यांनी विचारले. मी हो म्हणालो.

म्हणून या मृत्युपत्राद्वारे जाहीर करतो की, निशिगंधा खोटे बोलत नव्हती. तिचे मनगट कच्चे नव्हते, माझी शिकवणी कच्ची होती. तिच्याबद्दल मी जे बोललो, ते सर्व या कलमाने रद्द समजावे.

केतनने टाइप करणे थांबवले. "काका, बोललेलं असं रद्द करता येत नाही कायद्यानं."
मी म्हटले, "मग कशानं करता येतं?"
त्याने पुढे टाइप केले.

५. सरकारने वडिलांची जमीन घेतली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांत मिळालेला सेक्टरमधला भूखंड, त्यावरचे कोर्ट, भिंत, फाटक आणि पाण्याची टाकी निशिगंधास, कोणत्याही अटीविना. तिने तिथे भाजी लावली, इमारत बांधली किंवा विकून टाकले, तरी माझे म्हणणे नाही. तेजसच्या मनात तिथे सात मजले होते. त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, ताईला विचारलं का, तिला हवंय का ते?" नाही विचारले. तो माझ्यापेक्षा शहाणा निघाला, याची इथे नोंद घ्यावी.

६. निशिगंधाची मुलगी, माझी नात उन्नती अकरा वर्षांची आहे. तिला खेळायचे आहे, तिची आई कोर्टात पाऊल टाकू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. माझी जुनी लाकडी रॅकेट उन्नतीस. मुठीच्या आठ बाजूंपैकी दुसऱ्या बाजूवर मी खाच केली आहे. तर्जनीचे मूळ त्या खाचेवर ठेवले की पकड चुकत नाही. आईची परवानगी मिळेपर्यंत रॅकेट सखूकडे राहावी.

७. शहाजीरावांवरचा राग मी बावीस वर्षे जपला. मान मी हलवली होती, म्हणून तो आता सोडतो. तिरडीवर रॅकेट, चेंडू वगैरे ठेवू नये.

हे सगळे सखूला वाचून दाखवले. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मेल्याव सांगून काय उपेग? जितं हाव तवर सांगा तिला." म्हणून कलम ४ माझ्या मृत्यूपर्यंत थांबणार नाही.

वडिलांनी जमीन गेली तेव्हा कागदावर अंगठा केला होता. तसे आपल्याला करावे लागू नये, म्हणून मी सही घोटून घोटून शिकलो. आज खाली अंगठाच आहे. मकबूलने माझा डावा हात धरून तो पालथा करून टेकवला.

ठिकाण : बोनकोडे, नवी मुंबई
दिनांक : ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

कमळाकर बाळाराम म्हात्रे (डाव्या हाताचा अंगठा)

आमच्यासमोर वाचून दाखवले, त्यांनी ऐकून कबूल केले आणि आमच्यादेखत अंगठा केला :
१) मकबूल तुंगेकर, राहणार तळोजा
२) नंदिनी मढवी, राहणार तळवली, क्रीडाशिक्षिका

नोंदणीची वेळ सोमवारची मिळाली आहे. त्याआधी उद्या, रविवारी सकाळी सात वाजता, कोर्टाच्या फाटकाशी कलम ४ चे वाचन होईल. केतन नव्हे, मीच वाचीन. निशिगंधाला फोन केला, उन्नतीला घेऊन ये म्हटले. कशासाठी, असे तिने विचारले. तुझ्या मनगटाबद्दल सांगायचे आहे, एवढेच मी म्हटले. ती म्हणाली, "बघते."