हंड्याचा आळ

गुरुजी, आज खंडोबाच्या देवळात चारचौघांत उभा राहून मी बोललो. आवाज मध्येच चिरकला, पण शेवटपर्यंत बोललो. घरी येऊन डोक्याचं पागोटंही काढलेलं नाही, तसाच लिहायला बसलोय. तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण हे सांगायचं तर तुम्हालाच, कारण शब्द तुमचा होता. बायको चुलीपुढून ओरडली, "भाकर गार झाली, कुनाला लिवताय एवढं?" मी म्हटलं, "गुरुजींना." ती दारापर्यंत आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि भाकर झाकायला परत गेली.

देवळाचा तांब्याचा मोठा हंडा नाहीसा झालाय. रीत तुमच्या वेळची तीच आहे. लग्नकार्य निघालं की देवळाची भांडी घरी न्यायची, कार्य उरकलं की घासूनपुसून आणून ठेवायची. कुणी कधी लिहून ठेवलं नाही. देवाची वस्तू कोण ठेवून घेणार? भांड्यांच्या खोलीची किल्ली गुरवाच्या बायकोकडे असते. गुरव वारल्यापासून दिवाबत्ती तीच करते आणि देवळामागच्या खोलीत राहते. या दुष्काळात धान्य कोण घालणार, म्हणून दिवसा खडी फोडायला जाते. किल्ली काढून घेतली तर तिची राहती खोलीही जाईल, आणि मग तिला गावही सोडावं लागेल. पारावर मात्र "गुरवीण चोरटी" याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं.

आज रविवार, म्हणून सगळे देवळात जमलो. देवळाचे एक पंच म्हणाले, "हंडा सोनईच्या बाजारात मोडीत गेला."

कुणीतरी विचारलं, "तुमी बघितला?"

"बघायला कशाला पायजे? सारं गाव म्हनतंय."

मग तिच्यापुढे बेलभंडाऱ्याचं ताट ठेवलं. "उचल, आन म्हन म्या न्हाई नेला. उचललास की सुटलीस."

तिनं हात पदराआड घेतले. म्हणाली, "रोज ह्याच हातानं देवाला भंडारा वाहते. तुमच्या हंड्यापायी त्याला साक्षीला वडू व्हय?"

एकच गलका उठला. "बघा, हात मागं घेतला! चोरच हाय!"

आणि गुरुजी, त्या गलक्यात मी एकदम चौथीच्या वर्गात जाऊन बसलो. तुमचा पितळी अडकित्ता हरवलाय. सगळा वर्ग मागच्या बाकावरच्या कुंभाराच्या पोराला "चोर, चोर" म्हणतोय, आणि तुम्ही दारात उभे आहात. तुम्ही ओरडत नाही. "वस्तू माझी गेली," तुम्ही म्हणता, "मी अजून चोर म्हटलं नाही. तुम्ही कसं म्हणता?" कुणीतरी म्हणतं, "समदे म्हनत्यात, गुरुजी." तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आळ' लिहिता. "हा खोटाच असतो असं नाही, खराच असतो असंही नाही. सिद्ध होईपर्यंत त्याला आळच म्हणायचं. आणि सिद्ध करायचं ते ज्यानं घेतला त्यानं. ज्याच्यावर घेतला त्यानं नव्हे." मग सगळ्या वर्गाकडून तुम्ही म्हणवून घेता, "त्याच्यावर अडकित्त्याचा आळ आहे." ते पोरगं तेव्हा कुठे मान वर करतं. आम्हाला वाटलं, परीक्षेला येणारा एक शब्द शिकवला.

मी उठलो. "चोर म्हनू नका. आळ म्हना."

"उठले बघा आमचे हरिपाठवाले बुवा!" लोक हसले. "आळ म्हन न्हाईतर चोरी म्हन, हंडा तर गेला ना?"

"गेला. पर कुनी नेला, ते कुनाला ठावं हाय? आळ पंचांनी घेतलाय, खरा त्यांनी करून दावावा. बाईनं का?"

पंच तापले. "खोटी न्हाई तर शपथ घ्यायला भीती कशाची?"

गुरुजी, पुढचं मी ठरवून बोललो नाही. तोंडातून निघालं, "मग घेऊ की शपथ. पर लग्नसराईत ज्यांच्या ज्यांच्या दारात ही भांडी गेली, त्या समद्यांनी घ्यायची. माझ्या पोरीच्या लग्नाला हंडा माझ्याकडं व्हता. पहिला मी." आणि मी ताटापुढं बसलो, बेलभंडारा उचलला, कपाळाला लावला. "देवा, माझ्या घरून हंडा माघारी आलाय." निम्मा भंडारा धोतरावर सांडला. "आता माझ्यामागं कोन येतंय?"

कुणी जागचं हलेना. पंचांच्या पुतण्याचंही लग्न याच सराईतलं. ते खांबाकडे बघत राहिले. शेवटी एक म्हातारबाबा म्हणाले, "उचला रं ते ताट, ऊन लई झालं," आणि सगळे सुटल्यासारखे हसले. ठरलं असं की किल्ली तिच्याकडेच राहील, आणि पंचांनी मोडवाल्याला समोर आणून उभं करावं, नाहीतर 'चोर' हा शब्द तोंडातून काढू नये. घरी येताना पाराजवळ एकजण दुसऱ्याला सांगत होता, "गुरवीणबाईवर हंड्याचा आळ हाय." आळ म्हणाला, गुरुजी! मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही. देवळाच्या पायऱ्यांवर ती मागून आली. म्हणाली, "दादा, साऱ्या गावात तुमी एकट्यानं माझ्यावर इस्वास ठिवला." गुरुजी, तो मी ठेवला नव्हता. हंडा तिनं नेला की नाही, मला अजून माहीत नाही. मी मान खाली घातली आणि पायातच असलेल्या वहाणा शोधत राहिलो.