एकतीस नंबरचा खड्डा

२ जून, सोमवार
लाकडाची गिरणी बंद पडली त्याला दोन वर्षं झाली. आज पुन्हा गळ्यात माझ्या नावाचा बिल्ला आला. एक्कावन्नाव्या वर्षी कौन्सिलचा ड्रोनचालक! माझी वरिष्ठ ग्लेनिस पास्को. तिने सकाळीच गरम सॉसेज रोल खाऊ घातला आणि नियम ऐकवले: माणसापासून तीस मीटर लांब, ड्रोन कायम नजरेसमोर, आणि एकट्याने माळावर जायचंच नाही. हा माळ माझ्या घरामागेच सुरू होतो. सोनं खणणाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी सोडलेले विहिरीएवढे खोल खड्डे त्यावर गवतात लपलेत. वरून फोटो काढायचे, खड्ड्यांना नंबर द्यायचे, म्हणजे कुंपण घालता येईल. नोंदींसाठी तिने ही खिशात मावणारी वही दिली. नोंदी संगणकातच होतात, म्हणून हिच्यात माझंच लिहितोय. खूश आहे.

६ जून, शुक्रवार
उडवणं मजेचं, नंतरचं काम मेलं कंटाळवाणं. लोकांच्या खासगीपणासाठी फोटोतला प्रत्येक चेहरा संगणक आम्ही बघायच्या आधीच धूसर करून टाकतो. आम्हाला दिसतो तो फक्त करडा चौकोन. मूळ फोटो त्याच संध्याकाळी पुसले जातात. प्रत्येक चौकोनापुढे आम्ही खूण करायची, ‘माणूस’ किंवा ‘चूक’. ‘माणूस’ लिहिलं की माणसावरून ड्रोन नेल्याची चौकशी लागते, अकरा पानी फॉर्म भरायचा आणि ड्रोन महिनाभर कपाटात. ग्लेनिस म्हणाली, त्या यंत्राला बिळात राहणाऱ्या वॉम्बॅटच्या लेंड्यांतही चेहरा दिसतो, तू बिनधास्त ‘चूक’ लिही.

बेकरीबाहेर म्हातारा लेस हॉकिंग भेटला. त्याची बायको आयव्ही आठ मार्चला कुत्र्याला फिरवायला गेली. कुत्रं एकटंच घरी आलं, पट्ट्याशिवाय. काय रे ड्रोनवाल्या, म्हणाला, आभाळात बसून नुसता फुकटचा वारा खातोस की खाली बघतोसही? मग हळूच म्हणाला, तिच्या अंगात लाल कोट होता. मी त्याला शब्द दिला, की नीट बघेन.

११ जून, बुधवार
एकतीस नंबरच्या खड्ड्यात करडा चौकोन. खाली निव्वळ काळोख, आणि त्यात तेवढाच चौकोन. साडेचार वाजले होते, पाठ दुखत होती. नोकरी अजून कच्ची आहे. ‘चूक’ लिहिलं.

१६ जून, सोमवार
कुंपणाच्या मापासाठी तिथेच पुन्हा उड्डाण. चौकोन आज खड्ड्याच्या काठावर. नुसतं गवत आहे तिथे, मी फोटो मोठा करून पाहिला. ‘चूक’.

१७ जून, मंगळवार
चौकोन काठापासून वीस पावलं अलीकडे. आमच्या दिशेने. ग्लेनिसला दाखवला. तिने डोळे चोळले, म्हणाली, रोवन, मीही थकलेय रे, लिही ‘चूक’ आणि घरी जा. घरी जाऊन बूट न काढताच झोपलो.

१९ जून, गुरुवार
आज उड्डाणाच्या जागेचा फोटो. त्यात मी, हातात रिमोट, चेहऱ्यावर चौकोन. माझ्या खांद्याशी दुसरा चौकोन. ग्लेनिस गाडीत बसून चहा पीत होती. माझ्या शेजारी कुणी नव्हतं. कुणीही नव्हतं.

माझ्या आधीच्या माणसाच्या, कॉलिनच्या नोंदी काढल्या. डोळ्यांचा त्रास म्हणून त्याने नोकरी सोडली होती. नऊ मार्च. एकतीस नंबरचा खड्डा. करडा चौकोन. पुढे ‘चूक’.

नऊ मार्च. ती हरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे ती जिवंत होती. वर ड्रोनकडे बघत होती. हात हलवत असेल.

आणि मीही तेच लिहिलं. तीनदा.

२० जून, शुक्रवार
ग्लेनिसला सांगितलं. ती म्हणाली, कॉलिन आयुष्यातून उठेल, आपण सगळेच उठू. मंगळवारी आपल्या कामाच्या तपासणीला लोक येतायत, ते जाऊ देत, बुधवारी बघू. मी बरं म्हणालो. मला माझीच किळस आली. मंगळवारपर्यंत रजा सांगितली, अंग मोडून आलंय म्हणून. ते खोटं नव्हतं.

बेकरीबाहेर लेस होता. मी रस्ता बदलला.

२२ जून, रविवार
दुपारी दोन. बुधवारची वाट बघवत नाही. घरामागून चालत आलोय, एकटा. नियम माहीत आहे. फक्त काठावरून डोकावेन, लाल काही दिसलं तर थेट लेसकडे—

२२ जून, बहुतेक चार
काठ सुटला. की कुणी— नाही, काठच सुटला. डावा पाय गेला. फोन कुठेतरी वर पडला. ओरडलो. वारा आहे वर.

शेजारी लाल कोट आहे. हातात पट्टा आहे अजून.

आयव्हीबाई, माफ करा.

२३ जून, सोमवार
उजाडलं. पाणी नाही. मला कुणी शोधणार नाही, मी रजेवर. ग्लेनिसला वाटेल, झोपलाय.

कोट काल भिंतीशी होता. आता माझ्या खांद्याला टेकलाय.

सोमवार. आवाज!
ड्रोन. आमचाच, हिरवा दिवा. उरलेलं माप आज ग्लेनिस घेतेय. बरोबर वर थांबलाय. दोन्ही हात हलवतोय, वही हलवतोय— बघ ना गं—

गेला.

फोटो निघाला असेल. चेहरा नसेल त्यात. दोन चौकोन असतील. साडेचारला ती खुर्चीत बसेल, डोळे चोळेल, आणि पुढे लिहील—