मध्यम मापाचं बूच

प्रिय दादा,

आधी झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे नेहमीसारखं ‘नीट सांग, नेमकं काय झालं?’ असं तुला विचारावं लागणार नाही.

१. मार्चमध्ये तू आपल्या साइटला नवं रूप दिलंस आणि मी लिहिलेली सगळी पानं काढून टाकलीस.
२. काठीला खालून बसवायच्या रबरी बुचांची मापं मिलिमीटरमध्ये होती. त्यांच्या जागी तू लहान, मध्यम आणि मोठं असे तीन पर्याय ठेवलेस.
३. एका बाईंनी तुझा व्हिडिओ बघून आपल्या मामांसाठी मध्यम बूच मागवलं. आईने ते पाकिटात भरलं.
४. ते सैल बसलं. मामा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं.
५. अशी बुचं आणखी कुणाकुणाच्या काठीला आहेत ते आम्हाला ठाऊक नाही. ते फक्त तुला कळू शकतं.

आता बाकीचं. हे सगळं कशावरून सुरू झालं ते तू तुझ्या मुलाखतींत फार छान सांगतोस, पण त्यात थोडी गफलत असते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला काठी मिळाली आणि तिचं बूच झिजून फाटलं, इथपर्यंत ठीक. पण दुकानं पालथी घालणारा तू नव्हतास. मी जाडी मोजायची कॉलेजची व्हर्निअर पर्समध्ये घालून फिरत होते आणि दुकानदार म्हणत होते, “ताई, बूच सुटं मिळत नाही, नवीन काठीच घ्या ना.” साइट तुझ्या नावावर झाली, कारण मी अजून शिकत होते आणि नोकरी तुला होती. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तू मागच्या खोलीत टेबल लावून दिलंस, आईची उंच खुर्ची खिडकीशी ठेवलीस आणि म्हणालास, “मोजपट्टी, हे तुझं संस्थान. चालव.”

मी पानं लिहिली. लोक जसं बोलतात तशीच त्यांना नावं दिली. काठी फरशीवर घसरते. वॉकर चालताना वाजतो. बूच एकाच बाजूने झिजतं. ज्याच्या घरी काठी घसरते तो माणूस गंमत म्हणून काही बघत नसतो. त्याने वडिलांना नुकतंच धरून उठवलेलं असतं, आणि मग तो फोनवर तेच चार शब्द टाइप करतो. त्याला आपलं पान सापडावं, एवढाच माझा हिशेब होता. लोकांच्या शोधात ती पानं वर यायला वर्ष गेलं. तेव्हा तू रोज संध्याकाळी विचारायचास, “काय, आज तरी कुणी फिरकलं का संस्थानात?” आणि वहिनी मागून म्हणायची, “अहो, चिडवू नका, रडेल ती.” मी रडले नाही. माणसं येऊ लागली. दिवसाला मूठभर, पण शंभर आली तर सहा-सात बूच घेऊन जायची, आणि ते झिजलं की तीच परत यायची.

बूच घ्यायच्या आधी त्यांना माप द्यावं लागे. काठीच्या टोकाला दोरा गुंडाळायचा, दोरा पट्टीवर ठेवायचा, आकडा लिहायचा. व्यास मी काढायचे. खिडकीच्या कट्ट्यावर आईने वेगवेगळ्या जाडीच्या दांड्यांचे तुकडे ओळीने मांडले होते. बूच त्या मापाच्या तुकड्यावर पिळून बसवायचं, ओढून बघायचं, सहज निघालं तर बाजूला टाकायचं. बूच पाकिटात जायचं ते त्यानंतरच. सोबतच्या चिठ्ठीवर ती घरचा फोन नंबर स्वतःच्या हाताने लिहायची. तू म्हणायचास, “आई, आता असं कुणी करत नाही.” ती म्हणायची, “मी करते ना, मग झालं तर.”

मग तुझा तो व्हिडिओ आला. रंगीत काठ्या घेऊन आई खुर्चीत बसल्या बसल्या ताल धरते, तो. खरं ते लिहिते. तो चांगला होता. आई त्यात सुंदर दिसते आणि ती हसली होती ती तुझ्यासाठी, कॅमेऱ्यासाठी नव्हे, कारण कितीतरी दिवसांनी तू अख्खी दुपार घरी होतास. माणसांचा लोंढा आला. हजारोंनी हृदयं, ‘सो क्यूट आजी’, कुणी विचारलं लिपस्टिक कोणती. मी आकडे बघत होते. आलेला माणूस साइटवर जेमतेम एक श्वास थांबायचा आणि निघून जायचा. हजारात दोन-तीन जण काही घ्यायचे, आणि तेही बहुधा स्वतःसाठी नाही. कुणाच्या तरी आजीसाठी, लांबच्या मामांसाठी, आवडेल म्हणून. घेणाऱ्याच्या हातात काठी नसायचीच. मग तो दोरा कशाला गुंडाळणार?

हे मी तुला सांगितलं होतं. तुझी माणसं वाईट आहेत असं मी म्हटलं नव्हतं. ती शोधत आलेली नाहीत, वाटेत दिसलं म्हणून वळली आहेत, त्यांना विचारावं लागेल, थांबवावं लागेल, एवढंच म्हटलं होतं. तू म्हणालास, “अगं बाई, लोक खरेदीला येतात, परीक्षेला नाही. माप विचारलं की पळतात.” अगदी बरोबर. पळतात. माझं म्हणणं होतं की पळू देत. तू जेवणाच्या टेबलावर वहिनीला म्हणालास, “हिला गिऱ्हाईक नकोच आहे, हिला विद्यार्थी हवेत,” आणि सगळे हसले. आईसुद्धा. तेही मी विसरलेले नाही.

त्यानंतर साइटचं नवं रूप आलं. वर आईचा व्हिडिओ, खाली तीन गोल: लहान, मध्यम, मोठं. टी-शर्टसारखं. जुनी पानं ‘दिसायला जड’ होती म्हणून गेली. निदान त्यांच्या पत्त्यांवरून नव्या पानाकडे वाट काढून ठेवायची, हे काम अर्ध्या दिवसाचं होतं, आणि मी करते म्हणाले होते. तू तोवर पासवर्ड बदलला होतास, ‘सगळं एका हाताखाली असलेलं बरं’ म्हणून. आता कुणी ‘काठी फरशीवर घसरते’ असं शोधून आपल्याकडे आलं तर ‘हे पान उपलब्ध नाही’ एवढंच दिसतं. दोन महिन्यांत शोधत येणारी माणसं संपली. गिऱ्हाइकांना फोन नंबर विचारणंही तू बंद केलंस, कारण एक रकाना वाढला की लोक कंटाळतात. वेगळं राहायला गेल्यावर पाकिटांवर पत्ते चिकटवायचं कामही तू तुझ्या ऑफिसात नेलंस.

‘मध्यम’ची पहिली मागणी आली तेव्हा आई खिडकीशी बूच हातात धरून बसली होती. तुला फोन करून तिने विचारलं, “अरे, हे कुठल्या दांडीवर लावून बघू?” फोन स्पीकरवर होता, म्हणून तुझं उत्तर मला शब्दशः माहीत आहे. “आई, रबरच आहे, ताणतं. टाक पाकिटात.” तिने टाकलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “तो म्हणतोय तर असेल.” मग पुढचं टाकलं, आणि त्याच्या पुढचं. दांड्यांचे तुकडे तिने डब्यात भरून माळ्यावर ठेवायला लावले.

चिठ्ठीवर घरचा नंबर होता, म्हणून त्या बाईंचा फोन आईनेच घेतला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “बूच फरशीवर तसंच उभं होतं हो, काठी मात्र पुढे गेली.” मी तुला त्याच दिवशी कळवलं. तू उत्तर दिलंस: “आईचा एक व्हिडिओ करू. दोन शब्द बोलेल, डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. सगळ्यांपर्यंत पोचेल.” दादा, कुणापर्यंत? मामा तुझे व्हिडिओ बघत नाहीत. त्यांच्या भाचीने एकदा बघितला आणि त्यानंतर तू तिला पुन्हा दिसला नाहीस. तुझ्या माणसांपर्यंत पोचायला तुझ्याकडे वाटच नाही. ती आली आणि गेली. घरोघरच्या पत्त्यांखेरीज त्यांचं काहीही आपल्याकडे उरलेलं नाही, आणि ते पत्ते तुझ्या खात्यात बंद आहेत. मी चार वेळा मागितले. तू चारही मेसेज वाचल्याचं दिसतं.

कागदावर लिहून तुझ्या ऑफिसात रजिस्टरने पाठवते आहे ते त्यासाठीच. जुनी पानं परत लावायचं, कुणाचं खरं ठरलं ते बघायचं, हे सगळं राहू दे, मला त्यातलं काही नको. तुला एक गोष्ट ठाऊक नाही, आणि मी सांगू नये असं आईचं म्हणणं आहे. त्या बाईंनी विचारलं की हे बूच चालेल असं ठरवलं कुणी. आई म्हणाली, “मी. पाकीट मीच भरलं, बघून घ्यायला हवं होतं, ते मी केलं नाही. माझ्या मुलाचा यात काही संबंध नाही.” तेव्हापासून ती खोलीबाहेर येत नाही. काठी कोपऱ्यात उभी असते. बुचं ओढून बघा असं प्रत्येक घरी ती स्वतः लिहिणार आहे आणि रोज विचारते, “पत्ते पाठवले का गं त्याने? कामात असेल.” मी ‘हो, कामात आहे’ असं सांगते. आणखी किती दिवस सांगायचं ते तू ठरव. मार्चपासून ज्यांना बुचं गेली त्या सगळ्यांचे पत्ते मला हवे आहेत. ते आले नाहीत तर त्या बाईंना फोन करून ठरवणारा कोण होता ते मी सांगेन. येत्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

तुझीच,
धाकटी